यॉर्क हाउस, ट्विकेनहॅम : टाटांचं घर, आता नगरपालिकेचं

नदीकाठ

लंडनच्या नैऋत्येला, थेम्सच्या काठावर ट्विकेनहॅम आहे. रग्बीच्या मैदानामुळे नाव ओळखीचं असेल. स्टेशनवरून नदीच्या दिशेने चालत आलं की यॉर्क स्ट्रीटजवळ विटांची एक जुनी, भक्कम हवेली लागते. बाहेर गाड्या लावलेल्या, दाराशी सूचनांचा फलक, गळ्यात ओळखपत्रं अडकवून ये-जा करणारी माणसं. बघणाऱ्याला सरकारी कचेरी वाटते आणि ती आहेच. रिचमंड अपॉन थेम्स या बरोचा, म्हणजे लंडनच्या एका नगरपालिका विभागाचा, हा टाउन हॉल. पण १९०६ पासून १९१८ पर्यंत या घराचे मालक होते मुंबईचे सर रतन टाटा.

आधी एक खुलासा, कारण मी घरी आलेल्या पाहुण्यांना तिथे घेऊन जाते तेव्हा दरवेळी हा घोळ होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण ज्यांना गमावलं ते हे रतन टाटा नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, जन्म १८७१. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पश्चात पत्नी नवाजबाईंनी नवल टाटांना दत्तक घेतलं आणि आपल्या पिढीने पाहिलेले रतन टाटा हे त्या नवल टाटांचे चिरंजीव.

घर १६३० च्या दशकातलं. पहिल्या चार्ल्स राजाच्या दरबारातल्या अँड्र्यू पिटकार्नने बांधलेलं. पुढे ते क्लॅरेंडन घराण्याकडे होतं, म्हणून आतल्या मोठ्या सभागृहाला आजही क्लॅरेंडन हॉल म्हणतात. मधली दीडशे वर्षं मी सोडून देते, कारण आपल्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. १८१८ च्या सुमारास हे घर अ‍ॅन डेमर या शिल्पकार बाईंनी घेतलं (तंजावरच्या राजासाठीही त्यांनी काम केलं होतं, तंजावरची कोणी मंडळी वाचत असतील तर त्यांनी यावर जरूर लिहावं). १८६४ पासून काही वर्षं फ्रान्सचं परागंदा राजघराणं इथे राहिलं. पोर्तुगालची शेवटची राणी अमेली १८६५ मध्ये याच घरात जन्मली आणि तिचा भाऊ, ऑर्लिअन्सचा ड्यूक फिलिप, १८६९ मध्ये. त्यानंतरचे मालक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. नाव वाचून सातारकरांचे कान टवकारले असतील. हो, मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचंच घराणं. १८९७ मध्ये ड्यूक फिलिपने आपलं जन्मघर परत विकत घेतलं आणि १९०६ मध्ये त्याच्याकडून ते रतन टाटांकडे आलं.

टाटांनी बागेवर जीव लावला. जपानी पद्धतीचा एक कोपरा केला. घर आणि नदी यांच्यामधून एक रस्ता जातो, त्यावरून छोटा पूल आहे. तो ओलांडून नदीकडच्या बागेत उतरलं की समोर जे दिसतं त्यासाठी मी लोकांना मुद्दाम तिथे नेते. एका कुंडात मोठमोठ्या खडकांची रास, तिच्यावर माणसापेक्षा मोठ्या, पांढऱ्या इटालियन संगमरवराच्या विवस्त्र जलकन्या. कोणी खडकावर चढते आहे, कोणी खाली वाकून दुसरीला हात देते आहे. सगळ्यात वर शिंपल्याच्या रथात उभी देवी आणि पाण्यातून उसळणारे पंखवाले घोडे. जवळ जाऊन पाहिलं तर एकीच्या गुडघ्याखाली शेवाळाचा हिरवा ओघळ पोटरीपर्यंत आलेला दिसतो. पण खडकाला टेकवलेल्या तळव्याच्या बाजूला दबलेलं मांस इतकं खरं कोरलंय की दगड आहे यावर विश्वास बसत नाही.

या मूर्ती टाटांसाठी घडवलेल्या नव्हत्या. व्हिटेकर राइट नावाच्या लंडनच्या एका बड्या कंपनीवाल्याने त्या सरे परगण्यातल्या आपल्या ली पार्क इस्टेटीसाठी इटलीहून आणवल्या होत्या. या माणसाने तिथे तळ्याच्या पाण्याखाली काचेच्या घुमटाची खोली बांधून घेतली होती. डिसेंबर १९०० मध्ये त्याच्या कंपन्या कोसळल्या, हजारो गुंतवणूकदार बुडाले. २६ जानेवारी १९०४ ला त्याला सात वर्षांची शिक्षा झाली आणि न्यायालयाच्या इमारतीतच त्याने सायनाइड घेऊन जीव दिला. त्याच्या सामानातल्या या मूर्ती पुढे टाटांनी घेतल्या आणि ट्विकेनहॅमला आणून बसवल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यावर राखाडी लेप थापला होता, चांदण्यात संगमरवर चमकून शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून.

५ सप्टेंबर १९१८ ला सर रतन कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्हजला वारले. नवाजबाई मुंबईला परतल्या आणि १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात घर ट्विकेनहॅमच्या नगर परिषदेने विकत घेतलं. १९२६ मध्ये ट्विकेनहॅमला बरोचा दर्जा मिळाला, तेव्हा ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे सहावे जॉर्ज, यांच्या हस्ते नगरपालिकेची कचेरी म्हणून याचं उद्घाटन झालं. १९६५ मध्ये ट्विकेनहॅम रिचमंडमध्ये विलीन झालं, पण सभा इथेच राहिल्या.

मला मनापासून वाटतं की या घराचं भाग्य या कचेरीत आहे. इंग्लंडमधली यासारखी बरीच नावाजलेली 'कंट्री हाउस', म्हणजे जमीनदारांच्या हवेल्या, आता तिकीट काढून, दोरीच्या अलीकडून बघायच्या असतात. इथे तसं नाही. मी सभागृहाच्या प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून नियोजन समितीची बैठक ऐकली आहे. एक आजी आपल्या शेजारच्या झाडासाठी दोन पानं लिहून आल्या होत्या, हात थरथरत होते, पण सगळं वाचून दाखवूनच बसल्या. सरदारांच्या, राजपुत्रांच्या घरात त्या आजींचं म्हणणं नगरसेवकांनी ऐकून घ्यावं, यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

तुम्हाला काय वाटतं? आणि घराच्या आपल्या बाजूच्या इतिहासाबद्दल कोणाला अधिक माहिती असेल तर इथे जरूर भर घाला.


कंदीपेढा

सुंदर धागा, नदीकाठताई. सातारकर म्हणून ग्रँट डफबद्दल लिहायलाच हवं.

घराचे मालक माउंटस्टुअर्ट यांचे वडील जेम्स ग्रँट (पुढे ग्रँट डफ). पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला साताऱ्याला पाठवलं. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या नावाने राज्य, पण १८२२ पर्यंत कारभाराची सूत्रं या तिशीतल्या स्कॉटिश कप्तानाच्या हातात. साताऱ्यात असताना त्याने दप्तरं चाळली, जुन्या घराण्यांकडून कागद मिळवले, बखरी उतरवून घेतल्या आणि प्रकृती ढासळल्यावर स्कॉटलंडला जाऊन मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये छापला. १८२९ मध्ये मुलगा झाला, त्याला आपल्या वरिष्ठाचं पूर्ण नाव दिलं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे वरिष्ठ.

ग्रँट डफच्या इतिहासावर आपल्याकडे नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी टीका लिहिली, पुढे राजवाड्यांनी त्यातल्या उणिवा दाखवल्या. मराठी माणसाने साधनं गोळा करून आपला इतिहास आपण लिहायचा, ही जिद्द बरीचशी त्या टीकेतून पेटली. त्यामुळे साताऱ्याच्या दप्तरखान्यातून सुरू झालेल्या घराण्याचा मुलगा थेम्सकाठी ज्या घरात राहिला, ते घर पुढे मुंबईच्या पारशी गृहस्थाने घ्यावं, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो.


मरिना

मी चेन्नईची. मुलगा माउंटस्टुअर्ट १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. इथल्या समुद्रकिनाऱ्यावरचा फिरायचा रस्ता त्यानेच १८८४ च्या सुमारास करवून घेतला आणि त्याला मरिना हे नाव दिलं. माझा आयडी त्यावरूनच आहे! रोज संध्याकाळी तिथे फिरते, पण त्याचं घर पुढे टाटांनी घेतलं हे आज कळलं.


रामचौक

तंजावरच्या मंडळींना हाक मारली आहे म्हणून लिहितो. आमचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरात, घरात अजून तिथली मराठी बोलतो.

अ‍ॅन डेमरबाई त्या काळात छिन्नी-हातोडा हातात घेऊन दगडकाम करणाऱ्या विरळा बाई. लेखक होरेस वॉलपोलने १७९७ मध्ये मरताना ट्विकेनहॅमजवळचं आपलं स्ट्रॉबेरी हिल हे घर तिला राहायला दिलं होतं. त्यानंतरचं तिचं घर यॉर्क हाउस. तिचे एक नातलग सर अलेक्झांडर जॉन्स्टन सिलोनमध्ये मोठ्या न्यायाधीशाच्या पदावर होते. त्यांच्या आग्रहावरून तिने तंजावरच्या राजासाठी अ‍ॅडमिरल नेल्सनचा अर्धपुतळा घडवला. तेव्हा तंजावरच्या गादीवर होते सरफोजी भोसले, व्यंकोजीराजांचे वंशज. सरस्वती महाल ग्रंथालय आज जगाला माहीत आहे ते त्यांच्यामुळे. इंग्रजी ग्रंथ, वैद्यकाची चित्रं, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, सगळं त्यांनी जमवलं. युरोपीय संस्कृती पूर्वेकडे पोहोचवावी म्हणून पुतळा पाठवायचा, असा जॉन्स्टन यांचा हेतू सांगतात. सरफोजींना ती शिकवण कोणी द्यायची गरज नव्हती, एवढं तंजावरकर म्हणून ठामपणे सांगतो.


दख्खन एक्सप्रेस

लेख आवडला, पण एका गोष्टीवर असहमत. याला 'कंट्री हाउस' म्हणता येईल का? त्या घरांचा कणा म्हणजे जमीन. हजारो एकर, कुळं, खंड, शिकार, गावचं चर्च. त्या उत्पन्नावर घर चालायचं. १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आला, शेतीचं उत्पन्न घसरलं. १८९४ मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री हारकोर्टने वारसाकर लावला, १९१९ मध्ये वीस लाख पौंडांवरच्या मालमत्तेवर तो ४० टक्क्यांवर गेला. त्यात महायुद्धात वारस मुलगे मारले गेलेले. एकामागोमाग एक मृत्यू आणि एकामागोमाग एक कर. घरं पाडून शिसं, लाकूड, संगमरवरी चुली विकल्या गेल्या. १९७४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने अशा पाडलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा लोकांना धक्का बसला होता.

यॉर्क हाउसला तसली जमीन नव्हती. ते नदीकाठचं बागेतलं घर. म्हणून वाचलं असेल.


नदीकाठ

कंदीपेढा, मरिना, रामचौक, तुमच्यामुळे धागा माझ्या लेखापेक्षा मोठा झाला. मनापासून आभार.

दख्खन एक्सप्रेस, जमिनीचा मुद्दा बरोबर आहे. लंडनपासून होडीने एका दिवसात गाठता येईल अशा गावात, उन्हाळ्यात राहायला बांधलेली ही घरं. पण लहान आणि शहराजवळ होतं म्हणून वाचलं, हे मला पटत नाही. याच काठाने थोडं पुढे चालत गेलं की ऑर्लिअन्स हाउस लागतं. म्हणजे लागायचं. यॉर्क हाउसपेक्षा जास्त देखणं घर. १९२६ मध्ये ते पाडलं, जमिनीखालची रेती-खडी काढायला. ज्या साली यॉर्क हाउसमध्ये नगरपालिका बसली, त्याच साली शेजारचं घर खडीसाठी गेलं! वास्तुकार जेम्स गिब्जने बांधलेली अष्टकोनी खोली तेवढी उरली, ती एका बाईंनी स्वतः विकत घेऊन सांभाळली आणि मृत्युपत्रात लोकांना देऊन टाकली. आज तिथे कलादालन आहे. त्याच्या पुढचं मार्बल हिल. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूखंड पाडून घरं बांधायचं ठरलं होतं. रिचमंडच्या टेकडीवरून दिसणारं नदीचं दृश्य राखायला १९०२ मध्ये पार्लमेंटात कायदा करावा लागला, म्हणून बचावलं.

एकाच काठावरची, अर्ध्या तासात चालून पाहता येतील अशी तीन घरं. वाचली ती दोन कोणीतरी सार्वजनिक कामासाठी ताब्यात घेतली म्हणून. जमिनीच्या आकाराने इथे काही ठरलं नाही.


चुनागारा

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करतो (आधी पुण्यात, आता यॉर्कशरमध्ये), म्हणून कचेरीच्या मुद्द्यावर थोडं लिहितो.

जुन्या विटांच्या घराला सगळ्यात मोठा शत्रू ओल. या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि हवेला परत देतो. कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी सांध्यांत सिमेंट भरलेलं असतं, मग पाणी आत कोंडतं आणि थंडीत गोठून विटेचा पापुद्राच उडतो. मी जिथे काम करतो तिथल्या निम्म्या कामांत आमचं पहिलं काम म्हणजे ते सिमेंट छिन्नीने हळूहळू काढणं. रिकामं घर सगळ्यात लवकर मरतं, कारण शेगडी पेटत नाही, खिडकी उघडत नाही, छपराच्या शिशाच्या पत्र्याला चीर गेली तर दोन हिवाळे कोणाला पत्ता लागत नाही. रोज माणसं असलेल्या घरात पहिल्या पावसात कोणीतरी टेबलावर बादली ठेवतं आणि तक्रार करतं. तीच तक्रार घर वाचवते.

पण कचेरीचे तोटेही आहेत. लाकडी तावदानांच्या भिंतीतून संगणकाच्या तारा न्यायच्या कशा, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने वरच्या मजल्यावर जायचं कसं, आग लागली तर बाहेर पडायचं कसं. प्रत्येक बदलाला संरक्षित इमारतीची वेगळी परवानगी. पैसा लागतो आणि तो करदात्यांचा असतो. वृद्धांची देखभाल आधी की छपराचं शिसं आधी, या प्रश्नावर मी बैठकांतून माणसं खरोखर हवालदिल झालेली पाहिली आहेत. त्यामुळे नगरपालिकेकडे दिलं की सुटलो, असं नाही. सभागृहं लग्नांना भाड्याने देतात ती हौस म्हणून नव्हे, त्याशिवाय भागत नाही म्हणून.


गवती चहा

लग्नांचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझ्या भाचीचं लग्न लंडनला ठरतंय, मुलगा इंग्रज. अशा घरात आपल्या पद्धतीने विधी करता येतात का? ताईला सप्तपदी हवीच आहे.


नदीकाठ

गवती चहा, अभिनंदन! इथला नियम नीट समजून घ्या, कारण ऐनवेळी हिरमोड होतो. हॉटेलं, हवेल्या अशा मान्यताप्राप्त जागी नोंदणी लग्न लावायची सोय १९९४ च्या कायद्याने झाली. पण ते नोंदणी अधिकाऱ्यापुढचं लग्न पूर्णपणे धर्मनिरपेक्ष असावं लागतं. त्यात मंत्र, स्तोत्र, होम काही चालत नाही. म्हणून आपल्याकडचे बहुतेक जण आधी नोंदणी लग्न करतात आणि विधी वेगळ्या वेळी, बरेचदा वेगळ्या जागी ठेवतात. त्यात होमाला आगीचे नियम आडवे येतात, जुन्या लाकडी छताखाली तर हमखास, तेव्हा जागा ठरवण्याआधी लेखी विचारा. नोंदणीची सूचना किमान २८ दिवस आधी द्यावी लागते, आणि मुलीकडचे भारतातून येणार असतील तर व्हिसाच्या दृष्टीने फार आधीपासून तयारीला लागा.

यॉर्क हाउसमधून बाहेर पडणारी जोडपी मी पाहिली आहेत. पायऱ्यांवर फोटो काढून सगळे बागेत उतरतात आणि फुगे घेतलेली लहान मुलं जलकन्यांच्या कुंडाभोवती पळत सुटतात.


हाजीअलीचा बसस्टॉप

मुंबईकडून भर. सर रतन यांनी जमवलेल्या वस्तू बघायच्या असतील तर ट्विकेनहॅमला जायची गरज नाही. त्यांचा संग्रह त्यांच्या इच्छेप्रमाणे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाला. चिनी-जपानी भांडी, जेडच्या वस्तू, युरोपीय तैलचित्रं. शाळेच्या सहलीत आम्ही ती दालनं धावत ओलांडायचो. आता मुलीला घेऊन जातो तेव्हा चिठ्ठीवर टाटांचं नाव दिसलं की थांबतो. नवाजबाईंनी १९२८ मध्ये पारशी बायकांना काम मिळावं म्हणून सर रतन टाटांच्या नावाने संस्था काढली, तीच ह्यूजेस रोडची आरटीआय. तिथले केक आणि धनसाक खाऊन वाढलेली माणसं या धाग्यावर नक्की असतील.


साधा माणूस

सगळं वाचलं. माहिती छान आहे, पण मला एक खटकतं. एका अतिश्रीमंत माणसाने परदेशात हवेली घेतली, बुडालेल्या सट्टेबाजाच्या मूर्ती आणून बसवल्या. त्याच सुमारास गिरणगावात माणसं बारा-बारा तास राबत होती, प्लेगने मरत होती. त्यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे? आज एका भारतीय उद्योगसमूहाने २०२१ मध्ये ५ कोटी ७० लाख पौंडांना बकिंगहॅमशरमधलं स्टोक पार्क घेतलं. शंभर वर्षांनी त्यावरही असेच कौतुकाचे धागे येणार का?


नदीकाठ

साधा माणूस, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. गिरणी कामगारांच्या घामाचा पैसा त्या बागेत आहे. ते लिहिलं गेलं पाहिजे.

पण हाच माणूस त्याच वर्षांत दुसरं काय करत होता तेही बघा. १९०९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गांधींचा सत्याग्रह चालू होता, पैसा संपत आला होता. तेव्हा गांधी म्हणजे महात्मा नव्हते, कित्येक उद्योगपतींच्या दृष्टीने ब्रिटिश सरकारशी भांडणारा एक वकील. रतन टाटांनी आधी २५ हजार रुपये पाठवले आणि पुढच्या काही वर्षांत मिळून सव्वा लाख. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला दरवर्षी दहा हजार. १९१२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला पैसे दिले ते गरिबीची कारणं आणि ती कमी करायचे उपाय यांच्या अभ्यासासाठी. त्या कामाचे पहिले संचालक इतिहासकार आर. एच. टॉनी. त्यांनी हलाखीतल्या मजुरांच्या किमान वेतनावर संशोधन केलं. तिथल्या सामाजिक शास्त्रांच्या विभागात त्याच सुमारास क्लेमंट अ‍ॅटली शिकवायला आले, ज्यांच्या सरकारच्या काळात १९४७ मध्ये आपण स्वतंत्र झालो. पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्चही टाटांचा.

लंडनमधल्या गरिबांच्या अभ्यासाला पैसा मुंबईच्या माणसाने दिला, हे मला हवेलीपेक्षा मोठं वाटतं. म्हणून तर ट्विकेनहॅमला येणाऱ्याला मूर्तींच्या सोबत हेही कळावं असं वाटतं. स्टोक पार्कचं म्हणाल तर मालक कुठला हे मला महत्त्वाचं वाटत नाही. शंभर वर्षांनी तिथे कोणाला आत येता येईल, यावर त्याचा धागा ठरेल.


दख्खन एक्सप्रेस

हे पटलं. घर कोणी घेतलं यापेक्षा त्याचा उपयोग काय होतो आणि शेजाऱ्यांना तो मान्य होतो का, यावरच इंग्लंडमध्ये सगळी भांडणं होतात. हर्टफर्डशरमधलं भक्तिवेदान्त मॅनर आठवा. १९७३ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने ते जुनं घर इस्कॉनला दिलं. जन्माष्टमीला हजारो माणसं, अरुंद गावरस्ते, गाववाले हैराण. सार्वजनिक पूजेवर बंदी येण्यापर्यंत वेळ आली. भक्त वर्षानुवर्षं लढले आणि १९९६ मध्ये स्वतंत्र रस्ता करण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. आपल्या ओळखीचे कितीतरी मराठी लोक आज दरवर्षी तिथे जातात. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं डॉ. आंबेडकर राहिलेलं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, तिथेही संग्रहालय म्हणून वापरायच्या परवानगीवरून वाद झाला आणि २०२० मध्ये मिटला.


कंदीपेढा

एक शंका. 'यॉर्क' नाव ड्यूक ऑफ यॉर्कवरून का? आणि राणी मेरी, राणी अ‍ॅन इथे जन्मल्या असं एका ठिकाणी वाचलं.


नदीकाठ

दोन्ही नाही. ट्विकेनहॅममध्ये फार आधीपासून यॉर्क आडनावाचं शेतकरी कुटुंब होतं, त्यांच्या जमिनीवरून नाव आलं. दोन्ही राण्या सेंट जेम्स राजवाड्यात जन्मल्या. क्लॅरेंडनची मुलगी त्यांची आई, त्यामुळे दंतकथा चिकटली.


रामचौक

पुढच्या महिन्यात मुलीकडे क्रॉयडनला येतोय. पायऱ्या फार चढवत नाहीत आता. यॉर्क हाउस बघायला जमेल का? आणि सर रतन यांची समाधी कुठे आहे?


नदीकाठ

जमेल, काका. वॉटर्लूहून ट्विकेनहॅमची गाडी पकडा. स्टेशनपासून रमतगमत चला. घराच्या आत शिरायला एखादी सभा किंवा कार्यक्रम असावा लागतो, सभेच्या तारखा नगरपालिकेच्या संकेतस्थळावर असतात आणि प्रेक्षक म्हणून कोणालाही बसता येतं. बाग मात्र रोज खुली, तिकीट नाही. मूर्तींकडे जाताना तो पूल टाळा, त्याला पायऱ्या आहेत. त्याऐवजी सेंट मेरी चर्चच्या बाजूने खाली नदीवर या आणि काठाच्या रस्त्याने बागेत शिरा. त्याच चर्चमध्ये कवी अलेक्झांडर पोप पुरलेला आहे, दार उघडं असेल तर डोकावून बघा.

समाधी ब्रुकवुडला, सरेमध्ये, पारशी विभागात, जमशेटजींच्या जवळ. तीही वॉटर्लूच्याच मार्गावर, पण एका दिवसात दोन्ही करू नका, ब्रुकवुडला चालणं खूप आहे. तारीख कळवा. शनिवार असेल तर मी ट्विकेनहॅम स्टेशनवर न्यायला येते.